जर्मन

स्विचची पट्टी कोमट लागत होती.
जानेवारीत, ओहायोतल्या केटरिंग गावात,
दाराची कडीसुद्धा हाताला चावते तेव्हा,
धुण्याच्या खोलीतली एक भिंत
ताप आलेल्या पोरासारखी.
मी उलटा हात ठेवून पाहिला. पुन्हा पाहिला.
श्रीरंग म्हणाला, हीटर जवळ आहे म्हणून.
हीटर पलीकडच्या भिंतीला आहे.

तो स्विच त्यानेच बदललेला, दिवाळीच्या आधी,
तासाभरात, शीळ घालत.

समोरच्या डोलोरेस प्रुइट आल्या.
एकतीस वर्षं वायरमन. वायरवुमन म्हटलं तर चिडतात.
गुडघे दोन्ही नवे, हत्यारांची पेटी जुनी.
घर कोणत्या सालचं?
एकोणसत्तर, मी म्हटलं.
"हं," त्या म्हणाल्या,
रिपोर्ट वाचताना डॉक्टर म्हणतात तसं.

तळघरात जाऊन त्यांनी बारा नंबरचा खटका पाडला,
वर चिकटपट्टी मारली
आणि श्रीरंगला सांगितलं, इथेच उभा राहा,
कुणालाही हात लावू देऊ नकोस.
घरात चौथं कुणी नव्हतं.
तो उभा राहिला.

टेस्टर आधी स्वयंपाकघरातल्या चालू प्लगला,
मग इथे, मग पुन्हा तिथे.
तार मेली म्हणण्याआधी
साक्षीदार खरं बोलतो ना,
ते दोनदा विचारायचं.

पट्टी निघाली. करपट वास.
लाल टोपी आतून वितळून पिवळी पडलेली,
तिच्याखाली दोन तारा एकमेकींना पिळून:
एक तांब्याची, श्रीरंगने आणलेला तुकडा,
दुसरी रुपेरी, मऊ, घराच्या जन्मापासूनची.
"अ‍ॅल्युमिनियम," डोलोरेस म्हणाल्या.
"जर्मन," माझ्या तोंडून गेलं.
"छे, अमेरिकनच. तेव्हा तांबं महागलं होतं."

मग मला सांगत बसावं लागलं
की आमच्याकडे त्या पातेल्याला जर्मनचं म्हणतात,
का, ते मीही कधी विचारलं नाही;
त्यात ताक ठेवायचं नाही, चिंचेचं सार तर नाहीच,
आणि तांब्या-पितळेला आंबट दाखवायचं
ते कल्हई असेल तरच.

त्या टॉर्च दातांत धरून ऐकत होत्या.
मग काढून म्हणाल्या,
दोघी तापतात, दोघी फुगतात,
पण सारख्या नाही.
रोज दिवा लावा, रोज विझवा,
रोज केसभर सैल.
सैल झालं की अजून तापतं.
शिवाय हिच्यावर साय धरते,
वीज अडवणारी.

पेटीतून तीन ठोकळे निघाले,
मुगाच्या वड्यांपेक्षा थोडे मोठे.
आतल्या धातूवर कथील चढवलेलं.
"ही तुझी कल्हई."
प्रत्येक तारेला वेगळं बीळ, वेगळा स्क्रू.
वीज इकडून तिकडे जाते,
तारा मात्र एकमेकींना शिवत नाहीत.

रुपेरी तार त्यांनी नखं कापावीत तशी सोलली.
चरा पडला तर आज दिसत नाही,
पुढच्या थंडीत मोडते.
स्क्रूड्रायव्हरवर आकडा लावलेला; तो गाठला की
कट्.
पुढे एक वळसाही नाही.
"तुझ्या नवऱ्याने मनगटाने मोजलं असणार."
तळघरातून आवाज आला, "काय म्हणाल्या?"

एक तार पांढरी होती.
मी म्हटलं, ही तरी गरीब असेल.
त्यांनी तिला काळी टेप गुंडाळली.
इथे पांढरीतूनही वीज येते,
पुढच्या माणसाला कळायला हवं.

खटका वर गेला. दिवा लागला,
नेहमीसारखाच. त्याला काय माहीत.

पैसे घेतले नाहीत. आमसुलाचं सार घेतलं,
काचेच्या बरणीत.
जाताना म्हणाल्या, घरात अशा
अजून एक्केचाळीस डब्या असतील. मोजून घे.
सगळ्या एका दमात करू नका, पण करा.
आणि तुम्ही दोघांनी नाही. माणूस बोलवा.

रात्री मी उठले.
जिन्याजवळचा, न्हाणीघरातला, पोर्चवरचा,
एकेका पट्टीवर उलटा हात.
थंड. थंड. थंड.
बैठकीतल्या स्विचजवळ श्रीरंग आधीच उभा,
अंधारात, हात भिंतीला लावून.
"कोमट आहे का गं?" तो म्हणाला.
मी माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला
आणि आम्ही दोघं
नीट कळेपर्यंत थांबलो.